आधी खूण, मग नोंद

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, पूर्वी जुने केसपेपर रचून ठेवायची एक खोली होती. तिथे आता संगणक विभाग आहे. विभाग म्हणजे तीन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक न उघडणारी खिडकी आणि तीन माणसं. त्यातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे टायपिस्टबाई. बाईंनी टायपिंग सोडून एकोणीस वर्षं झाली होती, पण नाव पडलं ते पडलं. माणसाला बढती मिळते, टोपणनावाला मिळत नाही.

तेविसाव्या वर्षी त्या इथे दाखले टाइप करायला लागल्या. जन्माचे, मृत्यूचे, आजारी असल्याचे आणि बरे झाल्याचे. पुढे संगणक आले तेव्हा ‘आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही’ म्हणून सगळ्या कारकुनांनी हात वर केले. बाईंनी केले नाहीत, एवढाच त्यांचा पराक्रम. डब्याच्या सुट्टीत, मुखपृष्ठ फाटलेल्या एका पुस्तकावरून त्या वेबपानं बनवायला शिकल्या. पहिलं पान केलं ते कुठला डॉक्टर कुठल्या वारी कुठल्या खोलीत बसतो याचं. पांढऱ्यावर काळं, बाकी काही नाही. पण त्या पानाने रोज शे-दीडशे आजारी माणसांचे फुकटचे जिने वाचवले. बाईंना मूलबाळ नव्हतं. पानांबद्दल बोलताना मात्र त्या ‘माझं रक्तपेढीचं’, ‘माझं लसीकरणाचं’ असं बोलायच्या आणि लोक तोंडावर रुमाल धरून हसायचे.

बाईंची पानं सर्व्हरवरच, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य संगणकावरच, पूर्ण तयार होऊन निघायची. हे जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. हल्ली बहुतेक ठिकाणी तुमच्या फोनवर आधी रिकामं पान येतं, त्याच्यामागून ढीगभर कोड येतो, आणि मग तुमचा फोन धापा टाकत ते पान स्वतःच मांडतो. म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं, समोर कोरडा शिधा ठेवायचा आणि म्हणायचं, चूल तिकडे आहे. बाई ताट वाढून पाठवायच्या. रुग्णालयात येणाऱ्यांचे फोन कसे असतात ते त्यांनी पाहिलेलं होतं: काच तडकलेले, रबर लावून बांधलेले, मुलाने वापरून बापाला दिलेले. अशा फोनवरही बाईंचं पान दोन सेकंदांत उभं राहायचं. तारीख बदलली तर तेवढीच यादी बदलावी, अख्खं पान पुन्हा येऊ नये, यापुरता वरून चिमूटभर कोड. त्याहून जास्त त्या घालायच्या नाहीत.

त्यांचं सगळ्यात लाडकं पान डायलिसिसचं. यंत्रं नऊ, दिवसाला तीन पाळ्या, ठरलेले पेशंट चोपन्न आणि वेटिंगवर आणखी वीस. नियम असा, की आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत ‘उद्या येणार’ म्हणून कळवायचं. नाही कळवलं, तर ती जागा वेटिंगवरच्या माणसाला. पूर्वी हे फोनवर चालायचं आणि तो फोन कायम व्यग्र. बाईंनी पान केलं. बटण दाबलं की निरोप सर्व्हरकडे जायचा, सर्व्हर तो नोंदवून घ्यायचा, आणि मगच हिरवी खूण असलेलं नवं पान तयार होऊन परत यायचं. नोंद आधी, खूण मग. हिरवी खूण म्हणजे आपलं नाव लागलं, हे डायलिसिसच्या पेशंटांना इतकं पक्कं माहीत झालं होतं की घरातली म्हातारी माणसंही विचारायची, ‘हिरवं आलं का रे?’

फक्त याला वेळ लागायचा. पाच सेकंद, कधी आठ. नेटवर्क कुथत असलं तर बारा. लोकांना वाटायचं अडकलं, मग ते बटण चारदा दाबायचे आणि शेवटी डायलिसिसच्या सिस्टरला फोन करायचे. सिस्टर वैतागून वर यायची.

त्याच सुमाराला विभागाला नवे साहेब आले. वय चौतीस, खासगी कंपनीत काम केलेलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. ते एवढंच म्हणाले, ‘‘मॅडम, पान जरा फास्ट करता येईल का? लोक घाबरतात हो.’’

बस. बाकीची अक्कल बाईंची स्वतःची.

सर्व्हर तर तोच राहणार, नेटवर्क तर तेच राहणार. मग खूण आधी दाखवायची आणि निरोप मागून पाठवायचा. बटणाला बोट लागलं की त्याच क्षणी हिरवं. निरोप पोहोचला तर उत्तमच. नाही पोहोचला, तर हिरवं जाऊन लाल अक्षरं येतील: ‘नोंद झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ ही युक्ती काही बाईंनी शोधून काढलेली नव्हती. मोठमोठ्या दुकानांची आणि गप्पांची ॲप्स हेच करतात, आणि तिथे कोणाचं काही बिघडत नाही. एकूण सहा ओळींचा कोड. बाईंनी तो एका सकाळी लिहिला आणि दुपारी चालू केला.

तपासलं नाही असं मात्र कोणी म्हणू नये. बाईंनी स्वतःच्या फोनचं नेटवर्क बंद करून बटण दाबलं. हिरवं आलं. त्या पडद्याकडे बघत बसल्या. वीस सेकंदांनी लाल अक्षरं आली. बाईंचं समाधान झालं. चूक इथेच झाली, आणि ती फक्त पान बनवणाऱ्यालाच करता येते. हिरवी खूण दिसल्यानंतर वीस सेकंद पडद्याकडे बघत कोण बसतं? ज्याने ती खूण काढली तोच. बाकीचं जग हिरवं बघतं, फोन बंद करतं आणि कामाला लागतं. आणि पान बंद झालं की लाल अक्षरं दाखवायची कोणाला?

त्या दिवशी साहेबांनी चहा मागवला. सिस्टर खालून मुद्दाम वर आली. ‘‘बाई, बोट लावलं की झालंच! काय जादू केलीत?’’ बाई वरवर ‘अहो, त्यात काय’ म्हणाल्या, पण घरी जाताना त्या गुणगुणत होत्या. सत्तावन्नाव्या वर्षी कोणी पाठ थोपटली की माणूस लहान होतं. त्याबद्दल त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

पाच आठवडे सगळं छान चाललं. कोणाचं नेटवर्क गेलं असेल, कोणी पुन्हा दाबलं असेल, कोणाची जागा गेली असेल आणि त्याने स्वतःलाच विसरभोळा म्हटलं असेल. असे किती झाले ते कळायला मार्ग नाही, कारण जो निरोप निघालाच नाही त्याची नोंद कुठे सापडणार?

मग एका बुधवारी एक म्हातारे गृहस्थ सुनेच्या हाताला धरून अकराच्या पाळीला आले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वॉर्डातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच सुईने चालू करून दिलं होतं, म्हणून सिस्टर त्यांना घड्याळवाले आजोबा म्हणायची. आधीचा वार तापामुळे चुकला होता. पाय सुजले होते, चेहरा फुगला होता. सिस्टरने यादी बघितली. आजोबांच्या नावापुढे काही नव्हतं आणि त्यांच्या यंत्रावर वेटिंगवरची एक बाई कधीच झोपलेली होती. रक्त फिरायला लागलं होतं. आता तिला उठवणार कसं?

‘‘चारच्या पाळीत पहिला नंबर तुमचा,’’ सिस्टर म्हणाली. तिने डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या पेशंटजवळ अडकले होते.

‘‘बसतो की,’’ आजोबा म्हणाले. ‘‘पाच तासांनी काय होतंय.’’

ते बाहेरच्या बाकावर बसले. एक वाजता बाई डबा घेऊन तिथूनच खाली गेल्या. आजोबांनी त्यांना वाट द्यायला सुजलेले पाय हाताने उचलून आत घेतले. बाईंनी मान हलवली, चेहरा पाहिला नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी आजोबा बाकावरून कलंडले. धावपळ झाली, छाती दाबून झाली, पडदे ओढले गेले. तीनला सिस्टर बाहेर आली आणि सुनेसमोर उभी राहिली. सांगायची गरज पडली नाही.

सुनेने टाहो फोडला नाही. ती एकच वाक्य बोलत राहिली, ‘‘मी दाबलं होतं.’’ थांबेचना. शेवटी सिस्टर तिला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली. मागोमाग तिचा नवराही आला, आजोबांचा मुलगा. तो दारातच थांबला.

‘‘मी दाबलं होतं,’’ ती साहेबांना म्हणाली. ‘‘काल अकराला. हिरवं आलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.’’

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी नोंदी उघडल्या. मंगळवार सकाळ, दहापासून बारापर्यंत. एकेक ओळ खाली सरकली. आजोबांचा क्रमांक कुठेच नव्हता.

‘‘कुठून दाबलं होतं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘कामावरून. गोदामात पॅकिंगला आहे मी, खाली तळघरात. पान वर असतानाच उघडलं होतं. आत जाताना फोन जमा करावा लागतो ना, म्हणून हिरवं दिसलं की लगेच बंद करून दिला.’’

तळघर. फोन जमा. पुढचं सगळं बाईंना एका दमात दिसलं: जमिनीखालची खोली, न निघालेला निरोप, बंद झालेलं पान, आणि कोणालाच न दिसलेली लाल अक्षरं. ही मुलगी खरं बोलत होती. तिने जे पाहिलं ते पाहिलंच होतं. त्या खोलीत हे कळणारं माणूस एकच होतं.

‘‘ताई, आमच्याकडे नोंद आलेली नाही,’’ साहेब हळू आवाजात म्हणाले. ‘‘होतं असं कधी कधी. घाईगडबडीत माणसाला वाटतं आपण केलं...’’

‘‘मी घाईत नव्हते.’’

तेव्हा दारातून तिचा नवरा म्हणाला, ‘‘खरंच दाबलं होतंस ना?’’

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. साहेब खाली बघायला लागले. एक शब्द बोलायची हीच वेळ होती, आणि बाई मूग गिळून बसल्या. का? भीतीने. दुसरं काही कारण शोधायला जाऊ नये. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, चौतीस वर्षांत साधा मेमो नव्हता, आणि समोर एक मेलेला माणूस होता. पाचावर धारण बसली की भलाभला गप्प होतो. बाई तर साध्या होत्या.

आठवड्याने वरून चौकशीचं पत्र आलं. ‘सदर रुग्णाची उपस्थितीची सूचना प्रणालीत प्राप्त झाली होती काय?’ बाईंनी खाली टाइप केलं, ‘नाही. प्राप्त झाली नव्हती.’ आणि सही केली. त्या उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं सोवळं खोटं बाई आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या. त्याच दुपारी त्यांनी त्या सहा ओळी काढून टाकल्या. आता बटण दाबलं की करड्या रंगात ‘पाठवत आहे, थांबा’ यायचं, आणि सर्व्हरचं उत्तर आल्यावरच हिरवं. बदलांच्या यादीत कारण लिहावं लागतं. बाईंनी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा.’

साहेबांनी ती यादी वाचली असणार. काही विचारलं नाही. रुग्णालयाचा दोष नाही असा निकाल लागला, सुंठीवाचून खोकला गेला. विभागात अळीमिळी गुपचिळी.

घरात मात्र गुपचिळी जमेना. बाईंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आता निवृत्त. परीक्षानळ्या धुण्यात जन्म गेला तरी कुठल्या नळीत काय उकळतंय हे त्यांना लांबून कळायचं. बाई रात्रीचं ताट अर्धं टाकायला लागल्या. डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला की चमचा खाली पडायचा. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते असं. रुग्णालयात त्या डब्याला जाताना आता लांबच्या जिन्याने जायच्या, बाक लागू नये म्हणून. गुडघे दुखायचे, तरी जायच्या.

‘‘अगं, डॉक्टरांच्या घोळक्यात राहतेस, एखाद्याला दाखव तरी,’’ यजमान म्हणायचे. ‘‘का तुझ्या त्या पानावर तुझंच नाव टाकू, ‘उद्या बायको जेवणार’ म्हणून?’’

बाई हसायच्या नाहीत. यजमानांचा विनोद असा पहिल्यांदाच वाया जात होता.

चार महिने गेले. एकदा दुपारी सिस्टर काही कागद घेऊन वर आली आणि जाता जाता टेबलाला टेकून म्हणाली, ‘‘ते घड्याळवाले आजोबा आठवतात? त्यांची सून आली होती काल, त्यांच्यासाठी नेलेली चाकाची खुर्ची परत द्यायला. किती वाळलीय हो. मी म्हटलं, घरी कसं आहे आता? तर म्हणाली, बरं आहे. चार नातेवाइकांसमोर कबूल केलं तिने.’’

‘‘काय कबूल केलं?’’

‘‘की विसरली होती म्हणून. बटण दाबायचं राहिलं आणि भीतीने खोटं बोलले, म्हणाली. सासूच्या पाया पडली. तेव्हापासून नवरा बोलायला लागलाय म्हणे. चला, एकदाचं शांत झालं घर.’’

सिस्टर गेली. बाई टेबलाशी बसून राहिल्या. आपण गप्प राहिलो तर फार तर त्या मुलीवर संशय राहील, तोही दिवसांनी विरेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. तिलाच खोटी कबुली द्यायला लागेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, गॅसकडे तोंड करून. यजमान ऐकत होते. मध्ये एकही विनोद नाही.

‘‘नोंद आलीच नव्हती, अहो. मी खोटं नाही लिहिलं,’’ बाई शेवटी म्हणाल्या.

‘‘नाहीच लिहिलंस. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलंस.’’ यजमानांनी खुर्ची मागे सरकवली. ‘‘प्रयोगवहीत पोरं असंच करायची. आलेलं उत्तर लिहायची, फुटलेली नळी लिहायची नाहीत. पण ती पोरं होती गं.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘ते तुला चार महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं. मला कशाला विचारतेस?’’

दुसऱ्या दिवशी बाईंनी दीड पानी निवेदन टाइप केलं. कोड कोणी बदलला, कधी बदलला, खूण आधी आणि नोंद मागून अशी उलटापालट का केली, तळघरात काय झालं असणार, आणि आधीच्या उत्तरात काय सांगायचं राहिलं, की टाळलं. ‘टाळलं’ हाच शब्द ठेवला. साहेबांनी वाचलं आणि कपाळ चोळलं.

‘‘मॅडम, मी हे वाचलंच नाही असं समजतो. चौदाचे दहा महिने राहिलेत तुमचे. कशाला?’’

‘‘तुम्ही नका वाचू,’’ बाई म्हणाल्या आणि खाली जाऊन आवक विभागातून दोन प्रतींवर शिक्का मारून घेतला. एक प्रत पर्समध्ये ठेवली. आजोबांच्या घरचा पत्ता केसपेपरवर होता.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दुरुस्तीचं बुटकं टेबल अजून तसंच होतं, वर फडकं टाकलेलं. सासू पलंगावर बसली होती. मुलगा घरीच होता. सुनेची दुपारची पाळी होती, ती केस बांधत होती. बाईंना तिने ओळखलं, आणि तिचा चेहरा आक्रसला. पुन्हा काही विचारायला आल्या, असंच तिला वाटलं असणार.

‘‘झालं ते झालं,’’ ती घाईने म्हणाली. ‘‘माझीच चूक होती. सगळ्यांना सांगून झालंय.’’

‘‘तुमची चूक नव्हती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जरा बसा. मला काहीतरी दाखवायचंय.’’

बाईंनी फोन काढला. त्या सहा ओळी असलेलं जुनं पान त्यांनी निघतानाच त्यावर उघडून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी नेटवर्क बंद केलं, वरची नेटवर्कची रेघ गेलेली मुलाला दाखवली आणि फोन सुनेच्या हातात दिला.

‘‘दाबा.’’

ती दाबेना. बाईंनी पुन्हा सांगितलं. तिने अंगठा टेकवला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

‘‘नेटवर्क नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘निरोप कुठेही गेलेला नाही. तरी हिरवं आलंय. त्या दिवशी तळघरात हेच झालं.’’

फोन सुनेच्या हातात होता. वीस सेकंद फार मोठे असतात, हे बाईंना आता कळत होतं. मग हिरवं गेलं आणि लाल अक्षरं आली. सुनेने ती ओठ हलवत वाचली.

‘‘हे मला कधी दिसलंच नाही,’’ ती म्हणाली.

‘‘दिसणारच नव्हतं. तुम्ही फोन जमा केला होतात.’’

तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हिरवं. पुन्हा थांबली, पुन्हा लाल. मग तिसऱ्यांदा दाबलं.

‘‘मला आता आठवतच नाही,’’ ती कोणाकडेही न बघता म्हणाली. ‘‘विसरले, विसरले, इतक्या वेळा म्हटलंय, की मला दिसायला लागलं होतं... मी फोन काढते, आणि न दाबताच ठेवून देते. रोज दिसायचं. मी दाबलं होतं?’’

‘‘हो. दाबलं होतं.’’

मुलाने घसा खाकरला. ‘‘म्हणजे बाबांची जागा...’’

‘‘माझ्यामुळे गेली,’’ बाई म्हणाल्या. वाक्य पाठ करून आणलं होतं, तरी ते बाहेर पडताना अडखळलं. ‘‘ते पान मी बनवलं होतं.’’

सासूने डोळ्याला पदर लावला. ‘‘तुम्ही आलात हे तरी बरं केलंत,’’ ती म्हणाली. म्हातारीच्या मनात काही नव्हतं, पण बाईंना ते सहन झालं नाही. क्षमा इतकी स्वस्तात मिळणार असेल तर ती घेऊन निघून जावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

‘‘तुम्हाला हे कधी कळलं?’’ सुनेने विचारलं.

काल, म्हणता आलं असतं. परवा, म्हणता आलं असतं. जुना कोड चाळताना सापडलं, असं म्हटलं असतं तर या घरात ते कोणीही तपासणार नव्हतं.

‘‘त्याच दिवशी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही तळघर म्हणालात, तेव्हाच.’’

सून बाईंकडे बघत राहिली. शिव्या आल्या असत्या तर बाईंनी त्या घेतल्या असत्या, तेवढी तयारी करून त्या आल्या होत्या. पण सुनेने मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी काय करणार?’’ तो म्हणाला. ‘‘कॉम्प्युटरमध्ये नव्हतं ना. त्यांनीच तर सांगितलं...’’

‘‘तो कॉम्प्युटर तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलात. मला अकरा वर्षं बघताय.’’

सासू म्हणाली, ‘‘अगं, जाऊ दे आता. झालं ना सगळं स्पष्ट.’’

‘‘चार महिने मी तुमच्या पाया पडतेय, आई,’’ सून म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. फोन बाईंच्या हातात परत दिला, मग हात पुढे केला. ‘‘काही लिहून आणलंय का? का नुसतंच बोलायला आलात?’’

बाईंनी पर्समधून शिक्क्याची प्रत काढली. तिने ती उभ्याने वाचली, सावकाश, दोन्ही पानं. एका जागी तिचं बोट थांबलं.

‘‘इथे ‘रुग्णाची नातेवाईक’ लिहिलंय.’’

‘‘हो.’’

‘‘विसरली, खोटं बोलली, हे सगळीकडे माझ्या नावाने झालं. गोदामातसुद्धा. मग इथे नाव का नाही?’’ तिने कागद बुटक्या टेबलावर ठेवला. ‘‘नाव घाला. तुमच्या त्या दुसऱ्या कागदावरही.’’

‘‘घालते,’’ बाई म्हणाल्या. त्या टेबलाशी वाकल्या, पेन उघडलं, ‘रुग्णाची नातेवाईक’ यावर रेघ मारली, आणि मग त्यांना तिला तिचं नाव विचारावं लागलं.